स्पायरल अँटेनाचं दुखणं वेढ्यांत नाही, मधल्या डागात आहे

तुमची अडचण मला जशी समजली तशी आधी मांडतो. तुम्ही एफआर-४ च्या (काचतंतूच्या) साध्या सर्किट बोर्डावर १२ सेंटिमीटर व्यासाची, दोन आर्मची (मध्यातून वळत बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या दोन पट्ट्यांची) आर्किमिडीज स्पायरल अँटेना करून घेतलीत. १ ते ६ गिगाहर्ट्झपर्यंत ती चालावी ही अपेक्षा. मागून कोॲक्स केबल थेट मध्यावर आणली, तिची मधली तार एका आर्मला आणि जाळी दुसऱ्या आर्मला डाग देऊन जोडली. आता एस११ चा, म्हणजे अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचा, आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो (आकडा जितका खाली तितकं चांगलं), कुठे −१८ डेसिबल, कुठे जेमतेम −५. बीम समोर न राहता पंधरा-वीस अंश बाजूला झुकतो, आणि फ्रिक्वेन्सी बदलली की झुकायची दिशाही फिरते. जीपीएसचे उपग्रह जवळजवळ मिळतच नाहीत. आणि प्रश्न असा की वेढे वाढवू, की दोनाऐवजी चार आर्म करू?

दोन्ही करू नका. वेढे वाढवलेत तर आहे ते दुखणं वाढेल. चार आर्म केलेत तर आज दोन टोकं जुळत नाहीत, तिथे शून्य, नव्वद, एकशेऐंशी आणि दोनशेसत्तर अंशांची चार टोकं जुळवत बसाल. मी पंचवीसेक वर्षं मायक्रोवेव्हच्या कामात काढली, त्यातली बरीच बाहेरगावी. आता सोलापुरात घरच्या गच्चीवर एक बाक आणि दोन-चार उपकरणं घेऊन बसतो. ‘स्पायरल चालत नाही’ म्हणून माझ्याकडे जे बोर्ड आले, त्यांतल्या बहुतेकांत स्पायरल ठणठणीत होती. घोळ मधल्या दोन-तीन मिलीमीटरमध्ये होता.

एक कबूल करतो. तुमचा बोर्ड मी हातात घेतलेला नाही, आणि तुम्हाला नुसता स्पेक्ट्रम बघायचा आहे, उपग्रह ऐकायचे आहेत की येणाऱ्या सिग्नलची दिशा काढायची आहे, हे प्रश्नातून नीट कळत नाही. त्यावर काही उत्तरं बदलतात. ती जागा आली की सांगेन.

आधी ही वस्तू चालते कशी ते बघू, कारण ते डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप सुटतं. स्पायरलकडे एकात एक बसवलेल्या कड्यांचा संच म्हणून पाहा. दोन आर्मना मध्यावर उलट फेजमध्ये (एकात चढ तेव्हा दुसऱ्यात उतार) करंट दिला, की मध्याजवळ शेजारशेजारच्या ट्रॅकमधले करंट एकमेकांविरुद्ध वाहतात आणि एकमेकांना पुसतात. तिथे स्पायरल ही निव्वळ दोन तारांची लाइन असते, काही फेकत नाही. करंट बाहेर सरकत जातो तसा अर्ध्या वेढ्याचा रस्ता लांबत जातो. जिथे पूर्ण वेढ्याचा परीघ एक तरंगलांबी होतो, तिथे अर्धा वेढा म्हणजे अर्धी तरंगलांबी. सुरुवातीचा १८० अंशांचा फरक आणि रस्त्यातला १८० अंशांचा फरक मिळून शेजारचे ट्रॅक एका सुरात येतात आणि तो पट्टा रेडिएट करतो. फ्रिक्वेन्सी वाढवली की पट्टा आत सरकतो, कमी केली की बाहेर. स्पायरल रुंद बँडची असते ती एवढ्यामुळेच.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एडविन टर्नर यांनी १९५४ च्या सुमारास आर्किमिडीज स्पायरल करून दाखवली. व्हिक्टर रम्सी यांनी १९५७ मध्ये तत्त्व मांडलं की ज्या अँटेनाचा आकार फक्त कोनांनी सांगता येतो, तिचं वागणं फ्रिक्वेन्सीवर अवलंबून राहत नाही. जॉन डायसन यांनी १९५९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून समकोनी, म्हणजे शंखासारखी उघडत जाणारी स्पायरल सविस्तर मोजून मांडली. चकली आणि शंख, हे दोन आकार लक्षात ठेवा. तुम्ही चकली केली आहे.

मापाचा हिशोब सोपा आहे. १ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ३०० मिलीमीटर, आणि तेवढ्या परीघाच्या वर्तुळाचा व्यास ९५.५ मिलीमीटर. कागदावर इतकं पुरतं. मी मात्र पाव हिस्सा जास्तच धरतो. रेडिएट करणारा पट्टा रेघेसारखा बारीक नसतो, त्याला रुंदी असते. शिवाय उरलासुरला करंट आर्मच्या टोकावर आपटून परत फिरला की तो उलट्या दिशेनं फिरणारं पोलरायझेशन देतो (पोलरायझेशन म्हणजे लहरीतलं विद्युत क्षेत्र कसं डोलतं किंवा फिरतं ते; स्पायरलचं वर्तुळात फिरतं) आणि तुमचं वर्तुळ लंबवर्तुळ होतं. तुमचे १२० मिलीमीटर त्या हिशोबात नेमके बसतात. वरच्या टोकाला ६ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ५० मिलीमीटर, पट्ट्याचा व्यास १६ मिलीमीटर. सुरुवात त्याच्या बरीच आत हवी, आणि तुमची ३ मिलीमीटर त्रिज्येपासून आहे. म्हणजे आकारात तुम्ही चुकलेला नाहीत.

वेढ्यांत मात्र थोडे चुकलात. ट्रॅक दीड मिलीमीटर आणि फट दीड मिलीमीटर म्हणजे एका वेढ्यात आर्म ६ मिलीमीटर बाहेर जातो. ३ पासून ६० मिलीमीटर त्रिज्येपर्यंत साडेनऊ वेढे झाले, आणि एका आर्मची लांबी भरते जवळपास १ मीटर ८८ सेंटिमीटर! १ गिगाहर्ट्झचा करंट ४८ मिलीमीटर त्रिज्येच्या पट्ट्याला पोचेपर्यंतच १ मीटर २० सेंटिमीटर चालून येतो. एफआर-४ चा लॉस या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे दीड-पावणेदोन डेसिबल धरला, तर आकाशात जायच्या आधीच दोनेक डेसिबल बोर्डात मुरले. ६ गिगाहर्ट्झला तीनच सेंटिमीटर चालावं लागतं, त्यामुळे तिथे हा लॉस किरकोळ. लोकांना वाटतं की एफआर-४ वरच्या फ्रिक्वेन्सीला दगा देईल. घट्ट वळलेल्या स्पायरलमध्ये तो खालच्या टोकाला जास्त दगा देतो.

याच रस्त्याचा दुसरा परिणाम असा की १ गिगाहर्ट्झ हा ६ गिगाहर्ट्झच्या साडेपाच नॅनोसेकंद मागून बाहेर पडतो. स्पेक्ट्रम बघणाऱ्याला याचं सोयरसुतक नाही. पण कुणी याच बोर्डावर जमिनीखालचं बघणारं पल्स रडार करायला गेलं, तर आत टाकलेला टोकदार पल्स बाहेर लांबलचक शिट्टी होऊन येईल.

आता हेच माप शंखाच्या आकारात करा. ३ पासून ६० मिलीमीटरपर्यंत दोनच वेढ्यांत उघडणारी समकोनी स्पायरल घेतली तर आर्मची लांबी होते साधारण २४६ मिलीमीटर. कुठे एकोणीसशे आणि कुठे अडीचशे! सैल स्पायरलचं वर्तुळाकार पोलरायझेशन अगदी खालच्या टोकाला थोडं कमी शुद्ध असतं, हे खरं. तरी एफआर-४ वरच काम करायचं असेल तर मी डोळे झाकून दोन ते अडीच वेढ्यांचा शंख घेतो. त्याचं सूत्रही सोपं आहे. त्रिज्या म्हणजे ३ मिलीमीटर गुणिले ‘ई’चा ०.२३८ गुणिले कोन हा घात, कोन रेडियनमध्ये. तीच रेघ ९० अंशांनी फिरवली की आर्मची दुसरी कड मिळते, आणि सगळा आर्म १८० अंशांनी फिरवला की दुसरा आर्म.

नव्वदच अंश का? इथे सोलापूरच्या कापडबाजारातली, चाटी गल्लीतली गोष्ट आठवा. सोलापुरी चादर दाखवताना दुकानदार ती हमखास उलटून दाखवतो. वरच्या बाजूला जिथे लाल तिथे खाली पांढरं, आणि पांढऱ्याच्या जागी लाल, नक्षी तीच. तांबं आणि फट यांचंही असंच झालं, म्हणजे तांब्याच्या जागी फट आणि फटीच्या जागी तांबं ठेवून आकार तोच राहिला, तर अशा अँटेनाचा इम्पीडन्स (करंटला होणारा एकूण विरोध) कोणत्याही फ्रिक्वेन्सीला १८८.५ ओहम येतो. जपानच्या यासुतो मुशियाके यांनी दाखवलेली ही गोष्ट आहे. मोकळ्या जागेचा इम्पीडन्स ३७७ ओहम, त्याचा हा अर्धा. अट एवढीच की अँटेना हवेत लटकलेली हवी आणि अनंत मोठी हवी. बोर्डाचं डायइलेक्ट्रिक, म्हणजे तांब्याखालचा वीजरोधक पदार्थ, हा आकडा खाली ओढतं. १.६ मिलीमीटरच्या एफआर-४ वर मला १२० ते १५० ओहमच्या दरम्यान आकडे मिळत आले आहेत. हिशोबाला १४० धरू.

तुमची ५० ओहमची केबल या १४० ओहमना थेट लागली आहे. परावर्तन गुणांक येतो ०.४७, म्हणजे एस११ सुमारे −६.५ डेसिबल. हे बघून विद्यार्थी घाबरतात. पण सिग्नल किती वाया गेला त्याचा हिशोब करा: १.१ डेसिबल फक्त! रिसीव्हरसाठी हे काहीच नाही. बीम वाकायला आणि उपग्रह हरवायला एवढी बेजुळणी पुरत नाही.

मग करवतीचे दात कुठून आले? दात मोजा, म्हणजे कळेल. एका दातापासून पुढच्या दातापर्यंत किती मेगाहर्ट्झ आहेत ते बघा. ५५ च्या आसपास असतील आणि दीड गिगाहर्ट्झच्या वर विरत जात असतील, तर तो आर्मच्या बाहेरच्या टोकावरून येणारा प्रतिध्वनी. दीडशेच्या आसपास असतील आणि केबल मीटरभर लांब असेल, तर करंट केबलच्या जाळीवर बाहेरच्या अंगानं फिरतो आहे. शंभरच्या आसपास असतील तर तुम्ही कॅलिब्रेशन केबलच्या अलीकडच्या टोकाला केलंत आणि केबलची स्वतःचीच लांबी मोजता आहात. तिन्ही एकात एक मिसळलेले असू शकतात, पण बहुधा एखादा वरचढ असतो.

त्याहून सोपी परीक्षा हाताची. नॅनोव्हीएनए (एस११ मोजणारं हातात मावणारं उपकरण) लावून आलेख समोर ठेवा आणि केबल मुठीत धरून मूठ अँटेनापासून खाली सरकवत न्या. अँटेनाला हात लावायचा नाही, फक्त केबलला. आलेख हलला तर केबल अँटेनाचा तिसरा आर्म झालेली आहे. आलेख ढिम्म राहिला तर माझं निदान चुकलं, तसं सांगा. (जुना छोटा नॅनोव्हीएनए दीड गिगाहर्ट्झच्या वर उपयोगाचा नाही. ३ किंवा ६ पर्यंत जाणारा कॉलेजच्या लॅबमध्ये मिळतो का बघा.)

खरी भानगड हीच, आणि ती तोलाची आहे. कोॲक्सच्या आत मधल्या तारेवर जेवढा करंट पुढे, तेवढाच जाळीच्या आतल्या अंगावर मागे. पण केबल संपते तिथे जाळीवरच्या करंटला दोन वाटा फुटतात. एक तुमच्या दुसऱ्या आर्मवर, दुसरी जाळीच्या बाहेरच्या अंगावरून खाली. त्यामुळे दोन आर्मना सारखा आणि उलटा करंट मिळतच नाही. जे मिळतं त्याचे दोन भाग करा: एक ‘उलट फेज’चा, जो आपल्याला हवा, आणि एक ‘एकाच फेज’चा, जो आगंतुक.

हा आगंतुक भागही स्पायरलवर बाहेर निघतो, पण तो एक तरंगलांबीच्या पट्ट्यावर रेडिएट करत नाही. त्याला दोन तरंगलांबी परीघाचा पट्टा लागतो, आणि त्याचा पॅटर्न मेदूवड्यासारखा असतो, बरोबर मध्ये भोक. चांगल्या बीममध्ये हा वडा मिसळला की एका बाजूला दोघांची बेरीज होते आणि विरुद्ध बाजूला वजाबाकी. बीम झुकतो. दोन पट्ट्यांमधला फेजचा फरक फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, म्हणून झुकायची दिशा गोल फिरते. तुम्ही लिहिलेलं लक्षण शब्दशः हेच आहे. तुमच्या १२० मिलीमीटरच्या बोर्डात दोन तरंगलांबींचा पट्टा १.६ गिगाहर्ट्झच्या वरच मावतो. त्याखाली आगंतुक करंटला बोर्डावर जागाच नाही, मग तो केबलवर उतरतो. म्हणून हाताची परीक्षा १ ते १.६ मध्ये सगळ्यात जोरात दिसते.

इथवरचं थोडक्यात: आकार बरोबर, वेढे गरजेपेक्षा जास्त, जुळणी वाईट पण माफ करण्याजोगी, तोल मात्र अजिबात नाही.

तोल आणणारी वस्तू म्हणजे बॅलन. टीव्हीच्या जुन्या चपट्या वायरसाठी मिळायचा तो फेराइटचा बॅलन इथे चालणार नाही, तो गिगाहर्ट्झच्या आधीच दमतो. १ ते ६ साठी माझ्या अनुभवात तीन वाटा आहेत.

पहिली, १८० अंशांचा हायब्रिड (सिग्नलचे दोन सारखे आणि उलट फेजचे भाग करणारा डबा) आणि सारख्या लांबीच्या दोन केबली. दोन्हींच्या जाळ्या स्पायरलच्या मागे एकमेकींना डाग देऊन जोडायच्या आणि दोन मधल्या तारा दोन आर्मना. अशी जोडी १०० ओहमची होते, १४० शी तिचं चांगलंच जुळतं, एस११ −१५ च्या खाली. तोल उत्तम. पण पूर्ण १ ते ६ चा हायब्रिड विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही, आणि केबली खरोखर सारख्या कापाव्या लागतात. ६ गिगाहर्ट्झला एक मिलीमीटरचा फरक म्हणजे १० अंश. १० अंशांच्या चुकीनं आगंतुक भाग हव्या त्या भागाच्या २१ डेसिबल खाली राहतो. ते मला चालतं, पण दिशा शोधणाऱ्याला चालणार नाही.

दुसरी डायसन यांची युक्ती, मला फार आवडणारी. बारीक कोॲक्स स्पायरलच्या बाहेरच्या टोकापासून एका आर्मच्या तांब्यावर झोपवून, डाग देत देत मध्यापर्यंत आणायची. मध्यावर तिची मधली तार फट ओलांडून समोरच्या आर्मला लावायची. जाळी म्हणजेच आर्म झाली, त्यामुळे बाहेरच्या अंगावरून पळायला वेगळी वाटच राहिली नाही. केबल बोर्डाबाहेर पडते त्या टोकापर्यंत करंट रेडिएट होऊन संपलेला असतो. दुसऱ्या आर्मवर तेवढ्याच जाडीच्या केबलचा रिकामा तुकडा लावायचा, नाहीतर दोन आर्म सारखे राहत नाहीत. यात इम्पीडन्स बदलत नाही, ती बेजुळणी सोसावी लागते, आणि आर्म केबलपेक्षा रुंद हवा. २.२ मिलीमीटरची सेमी-रिजिड केबल तुमच्या दीड मिलीमीटरच्या ट्रॅकवर बसणार नाही. शंखाच्या रुंद आर्मवर बाहेर आरामात बसते, मध्याजवळ मात्र तारांबळ होते.

तिसरी, आणि तुम्हाला मी हीच सांगेन: निमुळता मायक्रोस्ट्रिप बॅलन. स्पायरलच्या काटकोनात, मागून उभा राहणारा एफआर-४ चा दुसरा लहान बोर्ड. खालच्या टोकाला एसएमए कनेक्टर. तिथे एका बाजूला ३ मिलीमीटरची पट्टी, म्हणजे १.६ च्या एफआर-४ वर ५० ओहम, आणि दुसऱ्या बाजूला २५ मिलीमीटर रुंद ग्राउंड. वर जाताना पट्टी हळूहळू बारीक होते, ग्राउंड त्याहून झपाट्यानं बारीक होतो, आणि माथ्यावर दोन्ही बाजूंना सारख्या, समोरासमोरच्या दोन पट्ट्या उरतात, प्रत्येकी ०.८ मिलीमीटर. ही समांतर जोडी १४० ओहमच्या जवळ असते. तोल आणि इम्पीडन्स ही दोन्ही कामं एकाच उतारावर होतात. लांबी किती? नुसत्या जुळणीसाठी क्लॉपफेनस्टाइन यांच्या १९५६ च्या हिशोबानं, एस११ −२० हवं असेल तर, ०.३७ तरंगलांबी पुरते, बोर्डातल्या तरंगलांबीत. १ गिगाहर्ट्झला ती १६५ मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे साठेक मिलीमीटर. पण ग्राउंड हळू अरुंद केला तरच तोल सावकाश आणि नीट येतो, म्हणून मी ८५ ते ९० घेतो. त्याहून आखूड केलात तर पहिला बळी १ ते दीड गिगाहर्ट्झचा.

जोडताना काय करायचं ते सांगतो, कारण सगळी मेहनत इथेच वाया जाते. स्पायरलच्या मधोमध, दोन आर्मच्या टोकांच्या बरोबर मध्ये, १.७ मिलीमीटर रुंद आणि ३ मिलीमीटर लांब खाच पाडायची. मी एक मिलीमीटरचं ड्रिल दोनदा शेजारी मारतो आणि बारीक सपाट कानशीनं घासून खाच चौकोनी करतो. बॅलनचा माथा मागून त्यात घालायचा, तांब्याच्या वर अर्धा मिलीमीटर येऊ द्यायचा. आता समोरची पट्टी एका आर्मच्या टोकाला आणि पाठची पट्टी दुसऱ्या आर्मच्या टोकाला नैसर्गिकपणे टेकते. प्रत्येकी एकच लहानसा डाग. वायरीचा तुकडा जोडून ‘जमवू’ नका. ६ गिगाहर्ट्झला ३ मिलीमीटरची वायर म्हणजे इंडक्टर. डाग दिल्यावर भिंगातून बघा, दोन डागांतून फ्लक्सचा काळा पूल राहिला असेल तर आयसोप्रोपिलनं ब्रशनं धुवा.

आणि उभा बोर्ड पक्का धरा. मी एकदा घाईत तो हॉट ग्लूनं चिकटवला आणि मोजमापाला गच्चीवर नेला. एप्रिलचा महिना, सकाळचे साडेअकरा. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. ग्लू मऊ पडला, केबलच्या वजनानं बॅलन तिरपा झाला आणि एका डागाला केसाएवढी चीर गेली. चीर थंड झाली की जुळायची, तापली की उघडायची. संध्याकाळी घरात मोजलं की अँटेना चांगली, दुपारी वर नेली की वाईट. दोन दिवस मी रिसीव्हरला शिव्या देत होतो. तेव्हापासून दोन नायलॉनचे एल-तुकडे आणि नायलॉनचे स्क्रू, नाहीतर चांगला इपॉक्सी.

बॅलन स्पायरलला लावायच्या आधी एकटा तपासा. माथ्यावर १४० ओहमच्या जवळचा लहान चिप रेझिस्टर, १५० चालेल, डाग देऊन एस११ बघा. १ ते ६ मध्ये −१२ ते −१५ च्या खाली राहिला तर पुढे जा. दोन बॅलन केले असतील तर माथ्याला माथा जोडून आरपार लॉस मोजा आणि निम्मा करा, तो एकाचा. एक सावधगिरी: अँटेनाचा एस११ चांगला दिसला म्हणून नाचू नका. डमी लोडचा, म्हणजे सगळी पॉवर गिळणाऱ्या नुसत्या रेझिस्टरचा, एस११ सगळ्यात सुंदर असतो. एफआर-४ चा लॉसही टोकावरचा प्रतिध्वनी खाऊन आलेख गुळगुळीत करतो. स्पायरल जितकी जास्त लॉसची, तितका तिचा एस११ देखणा.

पाठीमागचं काय करायचं, हे तुमच्या कामावर ठरेल. उघडी स्पायरल दोन्ही बाजूंना सारखंच फेकते. मागे पत्रा लावून एकाच बाजूला सगळं न्यायचा मोह होतो. १ गिगाहर्ट्झला पत्रा पाव तरंगलांबीवर, म्हणजे ७५ मिलीमीटरवर लावलात तर तिथे फायदा होतो. पण तेच अंतर २ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी होतं आणि समोरचा बीम पुसून टाकतं. म्हणून रुंद बँडच्या स्पायरलमागे डबा असतो आणि डब्यात कार्बन भरलेला फोम. मागची अर्धी पॉवर फोममध्ये जळते, ३ डेसिबल गेले. लष्करी विमानांवरच्या २ ते १८ गिगाहर्ट्झच्या स्पायरल हा तोटा जाणूनबुजून सोसतात, कारण त्यांना फायद्यापेक्षा एकसारखेपणा हवा असतो. तुम्हाला फक्त ऐकायचं असेल तर सध्या उघडीच ठेवा. फोम मिळालाच तर बाहेरच्या कडेला मागून पंधरा मिलीमीटरची गोल पट्टी लावा. टोकावर पोचलेला करंट तिथे जिरतो आणि १ ते १.३ मधलं पोलरायझेशन सुधारतं. आयसी ठेवायचा काळा फोम कधी चालतो, कधी नुसता प्लास्टिकसारखा वागतो. दोन अँटेनांच्या मध्ये धरून सिग्नल किती पडतो ते बघून मग ठरवा. आणि हे सगळं ऐकण्यापुरतं. या बँडमध्ये काही पाठवायचं असेल तर परवान्याचे नियम आधी बघा.

पोलरायझेशन मोजायला मोठी चेंबर (लहरी परत न फिरवणारी खोली) लागत नाही. तुमच्या बोर्डासाठी ६ गिगाहर्ट्झला ‘फार फील्ड’, म्हणजे जिथून पुढे मोजमाप खरं धरता येतं ते दूरचं क्षेत्र, ५८ सेंटिमीटरवरच सुरू होतं, आणि १ गिगाहर्ट्झला २ मीटर म्हणजे पावणेसात तरंगलांबी. दोन मीटर भरपूर झाले. दोन पीव्हीसी पाइप, एकावर स्पायरल, दुसऱ्यावर साधा डायपोल किंवा छापील लॉग-पिरिऑडिक (दोन्ही सरळ रेषेतल्या पोलरायझेशनच्या अँटेना), पाण्याची टाकी आणि कठड्याचे गज पाठीमागे येणार नाहीत अशा दिशेला. डायपोल दोन अँटेनांना जोडणाऱ्या रेषेभोवती सावकाश फिरवा आणि सिग्नलचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा टिपून घ्या. फरक म्हणजे ॲक्सियल रेशो. ३ डेसिबलच्या आत असेल तर काम झालं. एसडीआर (संगणकाला लावायचा सॉफ्टवेअरवरचा रिसीव्हर) वापरत असाल तर ऑटोमॅटिक गेन आधी बंद करा, नाहीतर तो प्रत्येक फरक सारखा करून टाकेल आणि तुम्हाला वाटेल की जगातली सर्वोत्तम स्पायरल आपणच केली.

राहिलं जीपीएस. याचा बॅलनशी थोडाच संबंध आहे. जीपीएस आणि तशीच आपली भारतीय यंत्रणा नाविक, दोन्ही उजव्या हाताचं वर्तुळाकार पोलरायझेशन पाठवतात. स्पायरलमध्ये फिरायची दिशा वेढे ठरवतात. उपग्रहाच्या जागेवरून बोर्डाकडे पाहिलं तर आर्म मध्यातून बाहेर जाताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळले पाहिजेत. माझ्या पहिल्याच स्पायरलला मी तांब्याचा लेयर खालच्या बाजूला काढला आणि फाइल पाठवताना आरसा मारायचा राहिला. बोर्ड सुरेख आला, ॲक्सियल रेशो उत्तम, आणि उपग्रह एक नाही. ॲक्सियल रेशो १ डेसिबल असेल तर उलट फिरणारा सिग्नल २५ डेसिबलनं दबतो, ३ असेल तर १५ नं. म्हणजे स्पायरल जितकी चांगली, तितकी ती चुकीच्या बाजूनं बहिरी.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तांबं वर आहे आणि वेढे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बाहेर जाताना दिसतात. तुमची स्पायरल उघडी आहे, आणि मागच्या बाजूला ती बरोबर उलट फिरवते. नवा बोर्ड, नवा बॅलन होईल तेव्हा होईल. आज संध्याकाळी केबल बाजूनं वळवून घ्या, आहे तोच बोर्ड तांबं खाली करून गच्चीवर पालथा ठेवा, अँटेनाजवळ एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावा आणि दहा मिनिटं वाट बघा. किती उपग्रह मिळाले ते कळवा, आणि सोबत मूठ सरकवताना १.२ गिगाहर्ट्झला आलेख किती हलला तेही.